ऐकू आलं की बोट वर करा

सीपीआरच्या त्या बंद खोलीत
माझ्या कानांवर डबडी चढवून
नदाफबाई काचेपलीकडून म्हणाल्या,
ऐकू आलं की बोट वर करा.
मी बसून राहिलो. बोट मांडीवर.

मग आलेख दाखवला: रेघ बरी चाललेली,
आणि एकाएकी गगनबावड्याच्या घाटासारखी खाली.
"वरचे सूर गेलेत, काका. कामाला कुठं होता?"
उद्यमनगर. एकतीस वर्षं लेथवर.
सूर तिथंच सांडले असतील,
कुलंटच्या डबक्यात, लोखंडाच्या किसात,
रोज संध्याकाळी झाडून भंगारात घालत होतो त्यात.

यंत्र बसवायचं की नाही ते नंतर बघू, म्हणाल्या.
रविवारी सकाळी विद्यापीठात या.
आम्ही चार-पाच जण पाखरं बघतो.
बघायला कान लागत नाहीत.

तोवर माझ्या हिशेबात पाखरं तीन:
कावळा, पारवा,
आणि उरलेली सगळी चिमणी.
"ही चिमणी नव्हे," नदाफबाई म्हणायच्या. "हीही नव्हे."
दुर्बीण डोळ्याला लावली तर आधी नुसतं पान दिसायचं,
मग हललेलं पान,
मग ज्यानं हलवलं तो निघून गेल्यावरची फांदी.

पण आयुष्य थाऊत मोजण्यात गेलेलं.
दोन थाऊ इकडं-तिकडं झालं की जॉब रिजेक्ट,
ती नजर अजून शाबूत आहे.
तर एकेक सापडत गेला.
चष्मेवाला: डोळ्याभोवती पांढरा वॉशर, नवा, ग्रीसचा डाग नसलेला.
शिंपी: शेपूट अशी उभी की आत्ता कोणाशी भांडून आलाय.
फुलटोचा एवढासा,
की पाव इंची नटाच्या भोकातून जाईल असं वाटावं.
आणि वल्गुली.
डोकं काळं, गाल पांढरे,
हनुवटीपासून पोटाच्या तळापर्यंत एक काळी पट्टी,
पोगर मारून, ओळंबा धरून आखल्यासारखी.
हे नाव जिभेवर बसायला तीन रविवार लागले.
घरी हिला सांगितलं तर म्हणाली,
कुठल्या मिठाईचं नाव हे?

बाकीचे ऐकून ओळखतात.
चालता चालता थबकतात, मान तिरकी करतात,
एकमेकांकडं बघून हसतात.
नदाफबाई एकदा म्हणून गेल्या, "ऐका"
आणि चटकन दुर्बिणीची काच पुसायला लागल्या.
त्यांना वाईट वाटलं. मला नाही.
शॉपमध्ये शेजारच्या लेथवर तातोबा वडगे.
मशिनं चालू असताना आम्ही ओठांवरून बोलायचो:
चहा आलाय. मालक मागं उभा आहे. पोरगी पास झाली.
त्याची बायको गेली तेही मी त्याच्या ओठांवरच वाचलं,
आणि जॉब पुरा करूनच त्यानं मशिन बंद केलं.
आता पाखरांच्या चोची वाचतो.
उघडते, मिटते, गळा फुगतो.
काय म्हणाला ते कळत नाही,
म्हणाला एवढं कळतं.

मग फेब्रुवारीतली ती सकाळ.
तलावाच्या वाटेला मी थोडा मागं राहिलेलो,
तर कुणीतरी करवतीला कानस मारायला लागलं.
विची-विची, विची-विची, विची-विची.
एवढ्या सकाळी कोण सुतार?
मी वळून बघितलं. भिंत नाही, शेड नाही,
लाकडाचा ओंडकासुद्धा नाही.
पुन्हा: विची-विची.
हात चांगला बसलेला होता गड्याचा. एक घास चुकत नव्हता.
कांचनाच्या झाडावर, उघड्या फांदीच्या टोकाला,
पोटावरची पट्टी माझ्याकडं करून
तो कानस मारत होता.

माझं बोट वर गेलं.
बासष्टाव्या वर्षी, भर रस्त्यात, शाळेतल्या पोरासारखं.

नदाफबाईंनी लांबून बघितलं.
काही म्हणाल्या नाहीत. वहीत लिहिलं,
वल्गुली, एक, आणि वेळ.

तो उडाला. फांदी हलत राहिली.
जरा खाली, पानाआड,
आणखी एक कुणीतरी होतं,
पोपटी, चिंचोळं, अजून नाव न कळलेलं.
चोच उघडत होतं, मिटत होतं, उघडत होतं.
बाकीचे पुढं गेले.
मी तिथंच उभा राहिलो,
त्याचं सांगून होईपर्यंत.